विद्यापीठ आपले वाटावे म्हणून: गणेशखिंडीत नव्याने आलेल्यांसाठी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार ४११ एकरांचे आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नव्याने प्रवेश घेतलेल्या बहुतेकांची वहिवाट मात्र त्यातल्या एखाद्या एकरापलीकडे जात नाही. मुख्य प्रवेशद्वार, आपला विभाग, जवळचे कॅन्टीन आणि राहण्याची खोली यांना जोडणाऱ्या रस्त्यांवरून दोन वर्षे ये-जा होते, गुणपत्रिका हाती पडते आणि ‘मी पुणे विद्यापीठात शिकलो’ असे सांगताना डोळ्यांपुढे आपल्या विभागाचा जिनाच उभा राहतो. मी या आवारात आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे संशोधक म्हणून बरीच वर्षे काढली. विभागाबाहेरचे विद्यापीठ मला फार उशिरा भेटले. ते तुम्हाला पहिल्याच सत्रात भेटावे आणि तुमच्यामुळे इतरांनाही भेटावे, यासाठी काय करता येते ते क्रमाने सांगतो.

आधी अडचण नेमकी कोठे आहे ते समजून घ्यावे. लोक एकमेकांना टाळतात असे येथे नाही. प्रत्येक विभागाची इमारत, वेळापत्रक, अंतर्गत परीक्षा आणि सहली वेगळ्या असतात. त्यामुळे भूगोलाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याशी बोलण्याचे निमित्तच मिळत नाही. शिवाय एम.ए. आणि एम.एस्सी. हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असल्याने दर उन्हाळ्यात त्यांतील निम्मे विद्यार्थी आवार सोडून जातात आणि त्यांनी हौसेने सुरू केलेले मंडळ, वाचनगट किंवा फिरण्याचा कार्यक्रम त्यांच्याबरोबरच संपतो. पुढच्या जुलैत नवे विद्यार्थी तीच धडपड पुन्हा पहिल्यापासून करतात. म्हणून आपण जे काही सुरू करू ते आपण गेल्यावर कोण चालवील, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मनात असू द्यावा.

पहिला आठवडा: आवार पायी पाहा

दुचाकी असली तरी पहिल्या आठवड्यात दोन संध्याकाळी पायीच फिरा आणि शक्यतो दुसऱ्या विभागातील कोणाला तरी सोबत घ्या. प्रवेशाच्या रांगेत कागदपत्रे जुळवताना शेजारी उभा असलेला विद्यार्थी यासाठी पुरेसा आहे. त्याचे नाव, गाव आणि विभाग तेवढा विचारून ठेवा.

सुरुवात मुख्य इमारतीपासून करावी. १८६४ ते १८७१ या काळात बांधलेली ही वास्तू मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथे झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. पुण्यातील ज्या प्लेगच्या साथीत रँडच्या पथकांनी घरोघर जुलूम केला, त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. सामान्य माणसाला ज्या वास्तूच्या फाटकाशीही उभे राहू दिले गेले नसते, तिच्या हिरवळीवर आज निफाडच्या शेतकऱ्याची मुलगी पुस्तक घेऊन बसते, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. नव्या सोबत्याला आवार दाखवताना हा इतिहास अवश्य सांगा, कारण या जागेवर सर्वांचा सारखा हक्क कसा आला हे त्यातून कळते.

तेथून जयकर ग्रंथालयाकडे जा. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचे नाव या ग्रंथालयाला आहे आणि सारे जण त्याला नुसते ‘जयकर’ म्हणतात. सर्व विभागांचे विद्यार्थी रोज एका छपराखाली येतात अशी आवारातील ही मुख्य जागा आहे. पुढे आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पाहा. १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या संस्थेची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली असून तिच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि संगणक क्षेत्रातील सी-डॅक या संस्थाही याच आवारात आहेत. त्या विद्यापीठाचे विभाग नव्हेत, तरी तेथे काम करणारी माणसे तुमच्याच रस्त्याने चालतात आणि तुमच्याच कॅन्टीनमध्ये चहा घेतात.

ओळखी कोठून सुरू कराव्यात

विद्यार्थी दोन वर्षांनी जातात, संशोधक पाच-सहा वर्षांनी जातात, आणि येथे वीस-पंचवीस वर्षे टिकून राहतात ते विभागातील लिपिक, शिपाई, ग्रंथालय परिचर, माळी आणि प्रयोगशाळा सहायक. विद्यापीठाची आठवण प्रत्यक्षात त्यांच्याकडे असते. कोणत्या सभागृहासाठी अर्ज कोणत्या टेबलावर द्यावा, पूर्वी कोणत्या विभागांनी मिळून काय केले होते, कोणत्या संध्याकाळी कोणती जागा रिकामी असते, हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत निदान पाच कर्मचाऱ्यांची नावे माहीत करून घ्या. आवारात ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’ या हाका सर्रास चालतात आणि त्यांत आपुलकी असते. पण तिच्यामागे नाव असावे. ‘शिंदे काका’ ही हाक नुसत्या ‘ओ काका’पेक्षा वेगळी ऐकू येते. काम नसतानाही कधी विचारपूस करावी आणि काम झाल्यावर परत जाऊन ते झाल्याचे सांगावे. सुरक्षारक्षक आणि स्वच्छता कर्मचारी यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. त्यांच्या नेमणुका बदलत असल्याने त्यांना आवार आपले वाटणे अधिक अवघड असते, आणि विद्यार्थ्यांनी त्यांना नावाने ओळखले तर ते थोडे सोपे होते.

राहण्याच्या जागी

वसतिगृहात जागा मर्यादित असतात. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यापैकी कोणी औंध, खडकी किंवा शिवाजीनगर भागात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन राहतात, तर कोणी ओळखीच्या विद्यार्थ्याच्या खोलीत गादी टाकतात. अशा पाहुण्याला पुण्याच्या वसतिगृहांत ‘पॅरासाइट’ म्हणण्याची जुनी रीत आहे. हा शब्द तुम्ही वापरू नये असे मी कळकळीने सांगतो. बोलणाऱ्याला तो थट्टेचा वाटतो, पण गावाकडून घरभाड्याची सोय न करता आलेल्या मुलाला तो रोज त्याची जागा दाखवून देतो. बाहेर राहणाऱ्यांची अडचण निराळी असते: संध्याकाळी सहानंतर आवारात जे घडते ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सर्वांसाठी काही ठरवताना वेळ शेवटच्या तासाला लागूनच ठेवावी. रात्री नऊच्या बैठकीला वसतिगृहातलेच येणार, आणि लांब राहणाऱ्या मुली तर येऊच शकणार नाहीत.

भाषेची भिंत

माझ्या अनुभवात विभागाच्या भिंतीहून उंच भिंत भाषेची आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसे अवघडून उभी असतात. एका बाजूला पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातून मराठी माध्यमात शिकून आलेले विद्यार्थी असतात. विषय येत असूनही व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला ते उठत नाहीत, कारण इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असते. दुसऱ्या बाजूला ईशान्य भारतातून, दक्षिणेतून, तसेच अफगाणिस्तान, येमेन, इराण आणि आफ्रिकेतील देशांतून आलेले विद्यार्थी असतात. वर्गातले इंग्रजी त्यांना पेलते; पण वर्ग सुटल्यावर कॅन्टीनच्या टेबलावर सगळे मराठीत शिरतात आणि ते मोबाइल काढून बसतात.

यातली एक चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मी एक वाचनगट सुरू केला. पहिल्या बैठकीला नऊ जण आले. त्यांपैकी सात माझ्याच विभागाचे होते आणि एक मुलगी आसामची होती. तिने पहिल्या दिवशी फार नेटकेपणाने आपल्याकडच्या एका कथेविषयी सांगितले. त्यानंतर चर्चा रंगली आणि आम्ही नकळत मराठीवर आलो. ती चार आठवडे येऊन शांतपणे बसली आणि पाचव्या आठवड्यापासून आली नाही. तिला परत बोलवायला हवे होते हे मला सत्र संपल्यावर सुचले, तोवर ती आपल्या गावी गेली होती. त्या गटाला पुढे विभागाच्या शिकवणीचे रूप आले आणि दिवाळीनंतर तो बंद पडला.

तेव्हापासून मी जे करतो ते असे. बैठकीच्या सुरुवातीला सर्वांना कोणती भाषा किती समजते हे विचारायचे आणि जी सर्वांना निदान ऐकून कळते तिच्यात मुख्य बोलणे ठेवायचे. ज्याला मराठीतच नीट मांडता येते त्याने मराठीतच मांडावे, आणि शेजाऱ्याने तीन-चार वाक्यांनंतर थांबवून त्याचा सारांश इंग्रजीत किंवा हिंदीत सांगावा. हा सारांश सांगणारा दर वेळी वेगळा असावा. यात वेळ जातो, पण निफाडचा मुलगा तोंड उघडतो आणि काबूलचा मुलगा मोबाइल खाली ठेवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. याशिवाय दोघादोघांची जोडी करून आठवड्यातून एक तास भाषेची देवाणघेवाण करावी: अर्धा तास एकाची भाषा, अर्धा तास दुसऱ्याची. रिक्षावाल्याशी बोलणे, मेसमध्ये भाकरी मागणे, दवाखान्यात दुखणे सांगणे इतक्या साध्या गोष्टींपासून सुरुवात करावी. विदेशी भाषा विभाग आवाराबाहेर, फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. भाषा शिकवण्याची हौस असलेले विद्यार्थी तेथे सापडतात, आणि मुख्य आवारापासून दूर असल्यामुळे त्यांनाही असे निमित्त हवेच असते.

आधीपासून असलेल्या वाटा

नवे काही उभारण्याआधी जे चालू आहे ते पाहून घ्यावे. विद्यार्थी विकास मंडळाकडे ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका’ योजनेची चौकशी करा. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वतःच्या श्रमावर शिकण्याचे जे ब्रीद घालून दिले, त्यावर ही योजना आधारलेली आहे. आर्थिक गरज असलेल्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात, कार्यालयांत, बागेत काम आणि त्याचा मोबदला मिळतो. मला तिचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते: रसायनशास्त्राचा आणि राज्यशास्त्राचा विद्यार्थी पुस्तकांचे एकच कपाट लावताना तेथे खांद्याला खांदा लावून उभे असतात.

ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर विद्यार्थ्यांचे प्रयोग आणि मैफली होतात. तेथे प्रेक्षक म्हणून जाण्यासाठी कलाकार असण्याची गरज नाही. विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र १०७.४ एफएमवर ऐकू येते. ज्याला बोलण्याची किंवा ध्वनिमुद्रणाची आवड आहे त्याने तेथे कार्यक्रमाची कल्पना घेऊन जावे. आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुलांसाठी उपक्रम होतात आणि २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुकात मोठी गर्दी लोटते. आंतरविद्यापीठीय स्तरावर संशोधनासाठी ‘आविष्कार’, कलांसाठी ‘इंद्रधनुष्य’ आणि खेळांसाठी ‘अश्वमेध’ या स्पर्धा आहेत. त्यांच्या संघांत वेगवेगळ्या विभागांची व महाविद्यालयांची मुले एकत्र येतात, परंतु निवड थोड्यांचीच होते आणि स्पर्धा संपताच संघ विखुरतो. त्यामुळे नव्या माणसाने सारी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये.

स्वतःचा उपक्रम: तीन विभाग, एक ठरलेली वेळ

आता मुख्य गोष्ट. मोठा महोत्सव भरवला की सगळे जवळ येतील अशी समजूत दरवर्षी नव्याने होते. महोत्सवात माणसे आपापल्या टोळक्यानेच येतात आणि टोळक्यानेच परततात. ओळख होते ती लहान, ठरलेल्या आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या भेटीत. पंढरीच्या वाटेवर दिंडीतले वारकरी एकमेकांना ओळखू लागतात ते रोज त्याच ओळीत चालल्यामुळे, आणि येथेही रीत तीच आहे.

सुरुवातीला तीनच माणसे असावीत आणि ती तीन वेगळ्या विभागांची असावीत. ही अट मी कधीही सोडत नाही, कारण एकाच विभागाचे चार जण जमले की पाचव्याला आपण पाहुणे आहोत असे वाटू लागते. वार, वेळ आणि जागा एकदा ठरवली की सत्रभर बदलू नये. बुधवारी सायंकाळी साडेपाचला अमुक वडाखाली, असे असले की आठवण करून देण्याची गरज उरत नाही. पावसाळ्यासाठी छपराची एक जागा आधीच विचारून ठेवावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोणी आले नाही तरी ठरलेल्या तिघांनी तेथे बसावेच.

नुसत्या गप्पांसाठी जमणे फार काळ टिकत नाही. हाताला किंवा डोक्याला काम लागते. आवारातील झाडांची यादी करणे हे मी पाहिलेल्या उत्तम कामांपैकी एक आहे. आवारात जुने वड आहेत, गोरखचिंच आहे आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती आहेत. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाड ओळखतो, भूगोलाचा नकाशा करतो, मराठीचा त्याची बोलीतील नावे गोळा करतो, आणि माळीकाका ते झाड कोणाच्या काळात लावले ते सांगतात. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते. काम निवडताना हीच कसोटी लावावी: एका विभागाला एकट्याने जे पुरे करता येते ते या बैठकीसाठी घेऊ नये. जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, एकमेकांच्या विषयातील एक शब्द दर आठवड्याला साध्या भाषेत समजावून घेणे, आसपासच्या वस्तीतील मुलांचा अभ्यास घेणे, अशी कामेही चालतात. शिक्षकांना बोलवावे, परंतु भाषणासाठी बोलवू नये. तेही वर्तुळात बसतील आणि त्यांनाही एक काम मिळेल असे आधीच विनम्रपणे सांगावे. माझा अनुभव असा की बहुतेक सरांना आणि मॅडमना ते आवडते.

खर्च चहाइतकाच ठेवावा आणि ज्याचा त्याने द्यावा. वर्गणी सुरू झाली की देऊ न शकणारा कारण न सांगता येणे थांबवतो. नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी लहानसे काम द्यावे, आणि सलग दोन आठवडे कोणी दिसले नाही तर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या विभागात जाऊन त्याला भेटावे. आसामच्या त्या मैत्रिणीच्या बाबतीत मी एवढेच करायला हवे होते.

आवाराबाहेरचे विद्यापीठ

गणेशखिंडीतले आवार म्हणजे सारे विद्यापीठ नव्हे. सुरुवातीला या विद्यापीठाचा विस्तार आजच्यापेक्षा खूप मोठा होता. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर ते पुणे, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांपुरते राहिले. तरीही या जिल्ह्यांतील शेकडो संलग्न महाविद्यालयांत शिकणारी मुले आवारातील मुलांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांसाठी विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा अर्ज आणि निकाल. आवारातील जवळपास प्रत्येक विद्यार्थी अशाच एखाद्या महाविद्यालयातून आलेला असल्याने हा धागा जोडणे त्याच्याच हाती आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांची परवानगी घ्यावी आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रवेश, वसतिगृह व शिष्यवृत्ती यांविषयी तासभर सांगावे. सोबत दुसऱ्या विभागातील मित्राला न्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर जवळपास असेल तर एखादा दिवस तेथे श्रमदानाला जावे. ही योजना १९६९ पासून चालू आहे, आणि ज्यांनी तिचे शिबिर केले आहे त्यांना पुन्हा फावडे हाती घ्यायला सांगावे लागत नाही.

त्रास झाला तर

आपलेपणाच्या नावाखाली कोणी रॅगिंग, जातीवरून टोमणे किंवा मुलींशी गैरवर्तन खपवून घ्यायला सांगत असेल तर ते मुळीच मानू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि विद्यापीठात रॅगिंगविरोधी समिती व अंतर्गत तक्रार समिती असतात. विभागप्रमुखांकडे किंवा थेट समितीकडे लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि तक्रार करणाऱ्याबरोबर आपल्या गटातील कोणी तरी जावे.

जाण्यापूर्वी

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीतच पुढची माणसे निवडा, कारण एप्रिलमध्ये सर्वांना परीक्षा आणि प्रबंध दिसू लागतात. पहिल्या वर्षातील तिघांना, अर्थात तीन वेगळ्या विभागांतून, सोबत घ्या आणि फेब्रुवारी-मार्चच्या बैठका त्यांनाच चालवू द्या. तुम्ही मागे बसा आणि विचारल्याशिवाय बोलू नका. एक जाड वही ठेवा. प्रत्येक बैठकीची तारीख, आलेल्यांची नावे व विभाग, केलेले काम, जागेसाठी कोणाकडे अर्ज केला, कोणत्या काकांनी मदत केली आणि काय फसले, हे तिच्यात त्या-त्या दिवशीच लिहा. फसलेले न विसरता लिहा, कारण नव्या लोकांना त्याचाच उपयोग अधिक होतो. मोबाइलवरील गट माणसे बाहेर पडली की विरतो, म्हणून वही कागदाचीच असावी. शेवटच्या बुधवारी ती नव्या तिघांच्या हाती द्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती विभागातील एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या कपाटात, त्यांना विचारून, ठेवा. पहिल्या पानावर त्यांचे नाव आणि टेबल कोठे आहे ते लिहून ठेवा, म्हणजे जुलैत ती कोणाकडे मागायची हे नव्यांना कळेल.